खाली दुकान, वर घर? आधी जिना मोकळा करा
3 एप्रिल 2024 ची पहाट आठवते ना? आपल्या छावणीतल्या दाणा बाजारात कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले 7 जण धुराने गुदमरून गेले.

आपल्यापैकी कित्येकांचं असंच आहे, खाली दुकान, वर घर. दुकानाचा विमा काढतो, पण जिन्यात मालाची खोकी रचतो. माझं स्पष्ट मत आहे, जिना म्हणजे गोडाऊन नाही.

शिवाय धूर जिन्यातूनच वर चढतो, म्हणून दुसरी वाट हवीच. खिडकीच्या ग्रिलला उघडणारी झडप बसवा, चावी तिथेच टांगा. रात्री खाली गाडीची बॅटरी चार्जिंगला लावू नका. मुलांकडून 101 आणि 112 पाठ करून घ्या.

सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून एकदा बाहेर पडून बघा. किती मिनिटं लागतात, मोजा.