ग्राफिक्स कार्डावरचा खटला

आधीच कबूल करतो. या खटल्यातला आरोपी निर्दोष होता आणि फिर्यादी (म्हणजे अस्मादिक) गाढव होता. तरीही लिहितोय, कारण दर सेमिस्टरला होस्टेलमध्ये दोन-चार जण हाच गाढवपणा करताना दिसतात.

आमचं घर ठाण्याला, खोपटला, एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर. पीसी घरीच असतो. गेल्या वर्षी दसऱ्याला त्यात एकाच दिवशी दोन बदल केले. एक आठ जीबीची जादा रॅम, आणि होस्टेलमधल्या एका ज्युनिअरकडून चौदा हजारांना घेतलेलं सेकंडहँड आरटीएक्स ३०६०. जुनं कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. संध्याकाळी गेम लावला. वीस मिनिटांत स्क्रीन काळा, मशीन रीस्टार्ट. पुन्हा लावला तर दीड तास चालला आणि मग गेला. नंतर पाच मिनिटांत. ब्लू स्क्रीन नाही, काही नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त 'कर्नल-पॉवर ४१', म्हणजे मशीन नीट बंद झालं नव्हतं. हे मलाही माहीत होतं की!

मग आपण सगळे करतो ते केलं. ड्रायव्हर काढून परत टाकला. विंडोज फॉरमॅट. रॅम रात्रभर मेमटेस्टवर, एकही चूक नाही. बाबांचं निदान "गेम खेळू नकोस", आईचं "लाइट कमी-जास्त होतेय". शेवटी जुनं कार्ड परत बसवलं. दोन दिवस एकही क्रॅश नाही. झालं! नवं बसवलं की बंद, काढलं की चालू, अजून काय पुरावा हवा? ज्युनिअरला फोन करून नको नको ते बोललो. "मायनिंगवर भाजलेलं कार्ड माझ्या गळ्यात मारलंस," हे त्यातलं छापण्याजोगं. तो काही बोलला नाही. दिवाळीला गावची एसटी पकडायला खोपट स्टँडवर आला, तिथेच कार्ड घेतलं, पैसे मोजून दिले. त्यातले निम्मे त्याने मेसच्या बिलात कधीच भरले होते आणि हे उसने आणले होते, हे मला फार नंतर कळलं.

जानेवारीत लॅमिंग्टन रोडवरून तेच मॉडेल सीलबंद, बिलासकट आणलं. पंधराव्या मिनिटाला स्क्रीन काळा.

आता कोणाला शिव्या देणार?

हार्डवेअर लॅबमधल्या काकांना गाठलं. त्यांनी एकच विचारलं, "एसएमपीएस किती वर्षांचा?" सात. वर ४५० वॅटचा स्टिकर. मी ऐटीत हिशेब मांडला, कार्ड १७०, प्रोसेसर ६५, बाकी किरकोळ, तीनशेच्या आत. काका म्हणाले, "स्टिकर पूर्ण वाच." घरी जाऊन वाचला. बारा व्होल्टच्या लाइनवर २५ अँपिअर, म्हणजे ३०० वॅट! कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जेवतात ते याच लाइनवर. त्यात १७० ही सरासरी. काही मिलिसेकंदांपुरतं कार्ड त्याहून बरंच जास्त ओढतं, म्हाताऱ्या कपॅसिटरना तो झटका झेपत नाही आणि एसएमपीएस मान टाकतो. १०५० टीआय ७५ वॅटमध्ये भागवायचं, म्हणून मशीन ठणठणीत वाटायचं. (३०६० साठी कंपनी स्वतः ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. पण वाचतो कोण!)

काकांनी आधी फुकटची चाचणी सांगितली. गेम ६० फ्रेम्सवर बांधायचा, कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणायची. तीन तास, एकही क्रॅश नाही. मग मित्राचा ६५० वॅटचा डबा आणला, बंधनं काढली, तरी चालला. जुना लावला, बंद. परत मित्राचा, चालू. याला म्हणतात पुरावा. (डबा बदलाल तेव्हा केबलीही त्याच्याच लावा. मॉड्युलर केबल दुसऱ्यात बसते, पण पिनांची जोडणी वेगळी असू शकते आणि हार्ड डिस्क जळते.)

कार्ड काढताना आपण लोडही काढतो, म्हणजे व्हेरिएबल दोन बदलले. एका वेळी एकच बदलायचा, हे जर्नलमध्ये दरवर्षी उतरवतो आणि रूमवर आलो की विसरतो. अर्थात मोठेही फसतात. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर असेच गेम पाडत होते. स्क्रीनवर एरर यायची व्हिडिओ मेमरी कमी असल्याची, म्हणून लोक ग्राफिक्स कार्डाला धरायचे. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोड जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, पण खराब झालेली चिप काही त्याने बरी होत नाही.

सरांना एक विनंती. लॅबच्या कपाटात खात्रीचा एक ६५० वॅटचा एसएमपीएस ठेवा, रजिस्टरवर सही घेऊन एका रात्रीपुरता द्या. पाच-सहा हजारांचा खर्च. काकांची तयारी आहे, मी विचारलंय.

राहता राहिला ज्युनिअर. ते कार्ड त्याने नंतर बारा हजारांना विकलं, अजून बिनतक्रार चालू आहे. मी माफी मागून वरचे दोन हजार पुढे केले. त्याने घेतले आणि म्हणाला, "पैशाचं ठीक आहे रे दादा, पण तुझा तो फोन स्पीकरवर होता. अख्ख्या रूमने ऐकलं."

म्हणून हे मॅगझिनमध्ये.