कागद गेला, खळ राहिली!

वॉलपेपर लावायला एक दिवस पुरतो, काढायला एक वीकेंड. आणि त्याच्यामागची खळ? ती तर घर नावावर झाल्यावर, लोनचे हप्ते सुरू झाल्यावर आणि पेंटर दारात उभा राहिल्यावरच दिसते!

माझा वन बीएचके रीसेलचा. आधीच्या मालकांना बेडरूममध्ये बांबूचं जंगल हवं होतं. मला मात्र साध्या पांढऱ्या भिंती हव्या होत्या, कारण ही खोली आईची. तिला दमा आहे आणि दिवाळीनंतर ती कायमची माझ्याकडे येणार. कागद ओढून काढला तर खिडकीखालच्या कोपऱ्यात काळ्या बुरशीचे ठिपके आणि बाकी भिंतभर पिवळट, तकतकीत डाग. पेंटर म्हणाला, "मॅडम, वरून प्रायमर मारतो, काही कळणार नाही." त्याला कळणार नाही हो, पण राहणार आम्ही!

मजल्यावरच्या काकांनी आयुष्यभर अप्पा बळवंत चौकात बुक बाइंडिंग केलं. त्यांनी भिंतीला ओलं बोट लावलं, चोळलं आणि म्हणाले, "पोरी, ही खळ आहे. खळीशी भांडायचं नसतं, तिला भिजू द्यायचं." पुढचे दोन वीकेंड मी तेच केलं.

आता थोडं सायन्स, बोअर न होता. वॉलपेपरची खळ बहुतेकदा स्टार्चची किंवा सेल्युलोजची असते. दोन्ही वाळल्यावर कडक, पण पाणी लागलं की पुन्हा बुळबुळीत. हीच गोम आहे. प्रायमर आणि इमल्शन पाण्यातले असतील तर ते खळीला परत ओलं करतात. मग रंग वाळताना खळ आखडते आणि काही दिवसांत भिंतीला भेगा, पापुद्रे! शिवाय स्टार्च म्हणजे बुरशीची आयती मेजवानी. त्यात व्हायनल वॉलपेपर हवा खेळू देत नाही, म्हणून पावसाळ्यात भिंतीत मुरलेली ओल त्याच्यामागेच अडकून बसते.

खळ आहे की नाही हे कळायला आयोडिनचे दोन थेंब लावा. शाळेत बटाट्यावर केला होता ना, तोच प्रयोग. निळं-काळं झालं तर स्टार्च. पण रंग बदलला नाही म्हणून खूश होऊ नका, सेल्युलोजची खळ आयोडिनला दाद देत नाही. खरी परीक्षा ओल्या हाताची. हाताला बुळबुळीत लागलं की समजा, काम बाकी आहे.

कामाला लागण्यापूर्वी त्या खोलीचा एमसीबी बंद करा आणि स्विचबोर्डवर प्लास्टिक चिकटवा. जमिनीवर जुन्या चादरी पसरा, कारण खळीचं पाणी टाइल्सवर पडलं की खोलीची आइस स्केटिंग रिंक होते. बादलीभर सोसवेल इतकं गरम पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाका. स्पंज पिळून एका वेळी साधारण तीन बाय तीन फुटांचाच तुकडा ओला करा. पाच-दहा मिनिटं थांबा, परत ओला करा. मग लांबी भरायची रुंद पट्टी जवळजवळ आडवी धरून हलकेच ओढा. पट्टी उभी धरली की भिंतीला खड्डे पडलेच म्हणून समजा. निघालेला चिकट लगदा पेपरात पुसून टाका. शेवटी साध्या पाण्याचा स्वच्छ स्पंज फिरवा आणि पाणी सारखं बदला. गढूळ पाण्यानं तुम्ही खळ काढत नाही, फक्त इकडची तिकडे लावता!

भिंतीवर पीओपी असेल तर जपून. जास्त पाण्यानं ते फुगतं, म्हणून स्पंज ओलसर हवा, गळका नको. टकटक करून पोकळ आवाज आला तर तिथे आधी प्लास्टरचं काम करून घ्या. आणखी एक, घरगुती रंगांतल्या शिशाची 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं सँडपेपर घासून धूळ उडवू नका. घरात लहान मूल किंवा दमेकरी असेल तर मुळीच नाही. वॉलपेपर स्टिकरवाला असेल तर त्याचा गोंद पाण्याला बधत नाही. तिथे हेअर ड्रायरची ऊब देऊन हळूहळू सोलायचा.

मग धीर धरा, पंखा लावा, खिडक्या उघडा. भिंत आतून वाळायला काही दिवस लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. बुरशी परत त्याच जागी आली तर दोष खळीचा नाही. बाहेर गळती आहे आणि ती थांबवल्याशिवाय रंगावर पैसे घालू नका. माझ्या खिडकीखाली तसंच निघालं. बाहेरची भेग भरून घेतली, हॉलचे नवे पडदे पुढच्या वर्षावर गेले. आईच्या श्वासापुढे पडद्यांचं काय एवढं!

सो, पेंटर म्हणालाच "वरून मारतो", तर वाद घालू नका. भिंतीवर ओला हात फिरवा आणि तोच हात त्याच्याशी शेकहँडसाठी पुढे करा. बाकी सगळं खळच सांगेल!