अभ्यास मुलांचा, कागद आईबापांचे

घरात एक मूल बारावीला गेले की सगळ्या घरालाच बारावी लागते. टीव्ही बंद होतो, पाहुण्यारावळ्यांना नंतर या म्हणून निरोप जातो, आणि येणारा-जाणारा एकच विचारतो, "काय रे, झाला का अभ्यास?"

तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी हे वर्ष आणखी जड जाते. क्लास म्हटला की अकोला. म्हणजे फी आली, खोलीभाडे आले, खानावळ आली. हा पैसा भरायचा जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर. सोयाबीन-कापसाचा पैसा हाती येतो तो दिवाळीच्या मागेपुढे, आणि हातमजुरीच्या घरात तोही नाही. मग उसनवारी होते, आईच्या अंगावरचा एखादा डाग मोडला जातो. तो मोडल्याचे दुःख नसते, पण तो मोडल्याचे मुलाला रोज ऐकवले जाते, हे आम्हाला खटकते.

आपल्या घरांत त्यावर आणखी एक ओझे असते. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुला चार तास बसवत नाही?" असे आपण सहज बोलून जातो. सतरा वर्षांच्या लेकराने घराचे, वस्तीचे आणि समाजाचे नाव एकाच परीक्षेत काढावे, ही अपेक्षा फार मोठी आहे. बाबासाहेबांचे नाव पाठीवर हात ठेवण्यासाठी घ्यावे, छडीसारखे उगारू नये.

त्यांच्या विद्यार्थिदशेची गोष्ट सांगायचीच, तर पुरी सांगावी. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळा संसार होता. सुभेदार रामजी आपल्या मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत आणि मग भीमरावांना अभ्यासाला उठवून आपण आडवे होत. पुस्तकाला पैसे कमी पडले, तर लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन दागिना मागत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून देत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा चरित्रकारांच्या नोंदीप्रमाणे त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबाने अडतीस टक्केही नाहीत. तेवढ्या गुणांवर बापाने मुलाची किंमत केली असती, तर पुढचा इतिहास काय झाला असता? रामजींनी जागरण आणि कर्ज स्वतःकडे घेतले, मुलाकडे फक्त पुस्तक ठेवले. आमच्या मते बारावीच्या वर्षातली आईबापांची कामगिरी हीच आहे.

आज त्या जागरणाची जागा कागदांनी घेतली आहे. जातीचा दाखला अकोटच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडून, उत्पन्नाचा दाखला तेल्हाऱ्याच्या तहसीलमधून, आणि जातवैधता अकोल्याच्या पडताळणी समितीकडून. वैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांची कोतवाल बुकाची नक्कल किंवा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा शोधावा लागतो. अनेक घरांत जुन्या कागदावर 'महार' आणि धम्मदीक्षेनंतरच्या कागदावर 'बौद्ध' अशी नोंद असते. त्याने घाबरू नये, पण दोन्ही कागद एकाच वंशावळीतले आहेत हे नीट जोडून दाखवावे लागते. वडिलांकडच्या सख्ख्या नात्यात कुणाला वैधता मिळाली असेल, तर तिची प्रत जरूर जोडावी. हा अर्ज अकरावीतच करावा. प्रवेशफेऱ्या सुरू झाल्यावर धावाधाव केली, तर गुण असूनही राखीव जागा हातची जाण्याची भीती असते. मुदतवाढ दर वेळी मिळेलच असे नाही.

पैशाचेही तसेच. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले नसेल, तर मंजूर पैसाही अडकतो. ही कामे आईबापांनी, थोरल्या भावाने किंवा वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी वाटून घ्यावीत. परीक्षार्थीला रांगेत उभे करू नये.

दुसरी गोष्ट, एकाच दारावर डोके आपटू नये. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला देशात २३ लाखांहून अधिक मुले बसली, आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. वीस मुलांमागे एक जागा. उरलेली एकोणीस मुले काय बिनडोक म्हणायची? अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. अमरावतीला १९६४ चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९२३ ची जुनी विज्ञान संस्था आहे. औषधनिर्माण, परिचर्या, आयटीआय आहे. या वाटांची नावे निकालाच्या आधी, शांतपणे जेवताना घरात निघावीत. निकालानंतर निघाली, तर मुलाला ती शिक्षा वाटते.

मुलींच्या बाबतीत एक जास्त सांगतो. "या वर्षी नाही जमले तर लग्न" ही धमकी तिच्या पुस्तकावर ठेवू नका. ती भाकरी थापते, पाणी भरते आणि मग अभ्यासाला बसते. तिच्या वाटणीचे काम वर्षभर भावाने उचलले, तर तेही अभ्यासाला मदत केल्यासारखेच आहे.

शेवटी, मुलाकडे डोळे उघडे ठेवून बघा. झोप उडाली, जेवण सुटले, बोलणे बंद झाले, "माझा काय उपयोग" असे शब्द निघू लागले, तर त्याला नाटक म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटे ठेवू नका, सरकारी दवाखान्यात न्या. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची मोफत मदत मिळते, मराठीतही बोलता येते.

बारावी हुकली तर पुरवणी परीक्षा आहे, 'नीट' पुढच्या वर्षी पुन्हा देता येते. हे मुलाला पेपरच्या आधी एकदा स्पष्ट शब्दांत सांगा. आणि निकालाच्या दिवशी गुण विचारण्याआधी विचारा, "जेवलास का?"