भटकंतीचा जमाखर्च

नोकरीला रामराम ठोकून कायमचे भटकायला निघालेल्यांचे हल्ली फार कौतुक होते. ‘हिंमत लागते हो!’ हिंमत लागतेच. पण मी बँकेतला माणूस, माझी नजर आधी खात्यातल्या शिल्लकीकडे जाते.

२००० साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पंधरा वर्षे नोकरी किंवा वयाची चाळिशी, एवढी अट. देशभरातून सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. त्यांत मीही होतो. हाती एकरकमी पैसा, पाठीशी पेन्शन, बोरिवलीत स्वतःची जागा. वर्षभर नर्मदाकाठी हिंडलो आणि त्याला धाडस म्हणत राहिलो. त्या वर्षभर पत्नी रोज चर्चगेटची लोकल पकडत होती, परतल्यावर माझ्या आईचे पथ्यपाणी बघत होती. तिला कुणी धाडसी म्हटले नाही. मीसुद्धा नाही.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते घरावरच्या कर्जापायी, मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक त्यातून जन्मले. त्यांना गरजेने घराबाहेर काढले. मला गरज नसल्याने बाहेर पडता आले. दोन्हींना प्रवासच म्हणतात, पण खतावणी वेगळी.

म्हणून भटकू नये, असे मी सांगणार नाही. ते वर्ष मला आजही पुरते आहे. मात्र ती चैन होती, हे कबूल करावे. आणि तिचा खर्च कुणाच्या नावे पडला, तेही लिहून ठेवावे. माझ्या वहीत ते नाव लिहायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.