गुडघ्यात ‘कट्’ झालं, तर खेळाडूला बाहेर काढा: कबड्डी मंडळांना जाहीर आवाहन

मंडळांचे पदाधिकारी, प्रशिक्षक आणि पालकहो,

स्पर्धांचा मोसम तोंडावर आला आहे. गुडघ्याचं लिगामेंट तुटून खेळ कायमचा सुटलेली मुलं-मुली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत.

पकडीत हे होतंच. चढाईपटूचा घोटा धरलेला, पाऊल मॅटवर रोवलेलं आणि साखळीनं त्याला वरून फिरवलं, की मांडीचं हाड वळतं, नडगी मात्र जागेवर राहते. या दोन हाडांना आतून बांधून ठेवणारा एसीएल नावाचा बंध तेव्हा तुटतो. पण बऱ्याचदा कुणाचा हातही लागलेला नसतो! हुलकावणी देऊन मध्यरेषेकडे गर्रकन वळताना, बचावपटूवरून उडी मारून एका पायावर उतरताना जवळजवळ सरळ असलेला गुडघा आत झुकतो आणि काम तमाम होतं. मुलींना हा धोका मुलांपेक्षा दुपटीहून जास्त असतो.

मैदानाला दोन फेऱ्या मारल्या म्हणजे वॉर्म-अप झाला, असं मानू नका. उडीवरून गुडघे वाकवून हलकं उतरणं, एका पायावर तोल सांभाळणं, वळताना गुडघा पावलाच्या रेषेत ठेवणं हे रोज घोटून घ्या. फुटबॉलमध्ये ‘फिफा 11+’ हा असाच वॉर्म-अप आहे. तो नेमानं करणाऱ्या संघांत दुखापती कमी झाल्या.

आणि एक कळकळीची विनंती. गुडघ्यात ‘कट्’ आवाज आला, काही तासांत तो सुजला, तर त्या खेळाडूला पुन्हा मैदानात उतरवू नका, मग सामना अंतिम का असेना. चोळू नका, ओढून ‘बसवू’ नका. फडक्यात गुंडाळून बर्फ लावा आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, चालता येतं, एक्स-रेत हाड शाबूत दिसतं आणि इथेच सगळे फसतात. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. नी-कॅप चढवून खेळवलेला सैल गुडघा पुन्हा निसटतो, आतली गादी फाटते आणि ऐन तारुण्यात झीज सुरू होते.

लिगामेंटची शस्त्रक्रिया करावी लागली, तर त्यानंतर किमान 9 महिने मैदानात परतायची घाई नको. रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर गेलेल्या कुस्तीपटू विनेश फोगटनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. तिच्यामागे उपचारांची सोय होती. आपल्या खेळाडूंना ती कुठून मिळणार? म्हणून प्रत्येक मंडळानं यंदाच्या बक्षिसांच्या रकमेतला काही हिस्सा एमआरआय आणि फिजिओथेरपीसाठी राखून ठेवावा आणि तसा ठराव स्पर्धेआधीच्या बैठकीत करावा.