फोनवर प्लेस्टेशनचा मेनू : नक्कल कुठवर चालते?

आडव्या रांगेत सेटिंग, फोटो, गाणी, व्हिडिओ, गेम. डावी-उजवीकडे सरकलं की त्या चित्राखाली उभी यादी उघडते, मागे संथ हलणारी लाट. पीएसपी किंवा प्लेस्टेशन ३ हाताळलेल्यांनी हा मेनू एव्हाना ओळखला असेल. सोनीने २००३ मध्ये जपानमधल्या पीएसएक्सवर तो पहिल्यांदा आणला. नाव क्रॉसमीडियाबार, पण सगळे म्हणतात एक्सएमबी. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि त्यात हा मेनू राहिला नाही.

आता हाच मेनू फोनवर दाखवणारी ॲप्स मिळतात. अँड्रॉइडवर लाँचर बदलता येतो, त्यामुळे तुमचा अख्खा होम स्क्रीनच एक्सएमबीसारखा होऊ शकतो. आयफोनवर ती सोय नाही. तिथे असं ॲप म्हणजे उघडून दोन मिनिटं खेळायचं खेळणं. अपवाद रेट्रोआर्कचा. जुने गेम चालवणाऱ्या या ॲपमध्ये एक्सएमबीच्या धर्तीचा मेनू आहे आणि तो खरोखर कामाचा आहे. ॲपलने एप्रिल २०२४ मध्ये एम्युलेटरवरची बंदी सैल केली, त्यानंतर मे महिन्यात तो ॲप स्टोअरवर आला.

मग सोनीच्या मेनूची अशी नक्कल चालते कशी? इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. आडवी रांग, उभी यादी ही झाली मांडणी. मांडणीवर मालकी सांगणं अवघड असतं. अमेरिकेत ॲपलने विंडोजच्या रूपावरून मायक्रोसॉफ्टवर १९८८ मध्ये खटला भरला होता. १९९४ मध्ये अपील कोर्टातही ॲपल हरली. लोटस विरुद्ध बोरलँड खटल्यात तर मेनूमधल्या आज्ञांच्या रचनेला कॉपीराइट नाही, असं १९९५ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं. पण सोनीने काढलेली चित्रं, सुरू होतानाचा आवाज, प्लेस्टेशनचं नाव आणि चिन्ह? ती उचलली की मामला वेगळा. गंमत अशी की लोकांना हवा असतो नेमका तो आवाजच!

आणि कोर्टाआधी स्टोअर असतंच. डिसेंबर २०१९ मध्ये रिवाउंड नावाचं ॲप आलं. मूळ ॲप साधं, पण वरून स्किन टाकली की आयफोन आयपॉडसारखा दिसायचा, चाकासकट. ॲपलने काही दिवसांतच ते काढून टाकलं. आयपॉडच्या रचनेची नक्कल हे त्यामागचं एक कारण असल्याचं बनवणाऱ्यांकडून सांगण्यात आलं. अशा ॲपसाठी पैसे मोजताना एवढं लक्षात असू द्या.

त्याहून मोठा प्रश्न परवानग्यांचा. फोनमध्ये कोणती ॲप्स आहेत ते लाँचरला कळावंच लागतं, त्यात गैर काही नाही. पण ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर थांबा. दोनदा टॅप करून स्क्रीन लॉक करण्यासाठी काही लाँचर ती प्रामाणिकपणे मागतात, हे खरं. तरी तीच परवानगी स्क्रीनवरचा मजकूर वाचायलाही वापरता येते, आणि त्यात बँकेचा ओटीपीही आला. लाट हलवायला तिची काही गरज नाही. नाही म्हणा, मेनू तरीही चालला पाहिजे. नाही चालला, तर ॲप काढून टाका.