शेवट असलेला खेळ, न संपणारा खेळ

पिंपरी, प्रतिनिधी : व्हिडिओ गेम हा शब्द घराघरांत एकवचनी वापरला जातो. ‘पोरगा गेम खेळतो’ एवढ्या तीन शब्दांत पालकांची तक्रार पूर्ण होते. कोणता गेम, कशावर, कोणाबरोबर आणि किती वेळ, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. वास्तविक टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर खेळणारा तरुण आणि मोबाइलवर दूरच्या अनोळखी प्रतिस्पर्ध्यांशी झुंजणारा तरुण यांच्या आवडींत मोठे अंतर आहे. एखादे दीर्घ नाटक तन्मयतेने अनुभवणारा रसिक आणि ढोल-ताशा पथकात कंबरेला ढोल बांधून उतरणारा वादक यांच्यात जेवढे अंतर असते, जवळजवळ तेवढेच.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हे अंतर विशेष ठळकपणे दिसते. निगडी प्राधिकरण, वाकड, पिंपळे सौदागर येथील सदनिकांमध्ये स्वतंत्र दिवाणखाना, मोठा टीव्ही आणि ब्रॉडबँड आहे. भोसरी, मोशी, महाळुंगे, कुरुळी, चाकण येथील भाड्याच्या खोल्यांमध्ये मात्र मराठवाडा, विदर्भ आणि परराज्यांतून आलेले तरुण कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत तिघे-चौघे आणि प्रत्येकाची पाळी वेगळी. या दोन्ही ठिकाणी खेळ खेळला जातो; परंतु तो एकच खेळ नव्हे. आवड ही केवळ स्वभावातून घडत नाही. खोली, पगार, पाळी आणि नेटवर्क यांचाही तिच्यात मोठा वाटा असतो, हे या पट्ट्यावरून स्पष्ट होते.

आवडीचे दोन प्रवाह

कन्सोलवर रमणाऱ्याला प्रामुख्याने कथा हवी असते. एखादे काल्पनिक जग, त्यातील नायक, हळूहळू उलगडणारे रहस्य, डोळ्यांना सुखावणारी दृश्ये आणि अखेरीस कथेचा शेवट. असा खेळ दहा तासांत, वीस तासांत किंवा महिनाभरात संपतो. संपल्यावर तो मित्राला दिला जातो, विकला जातो किंवा कपाटात ठेवला जातो. प्रतिस्पर्धी यंत्र असल्याने खेळणारा आपल्या गतीने पुढे जाऊ शकतो. कठीणपणाची पातळी कमी-अधिक करता येते. हरल्याची लाजही कोणापुढे वाटत नाही.

ऑनलाइन मल्टिप्लेअर खेळणाऱ्याला कथेची फारशी फिकीर नसते. त्याला समोर हाडामांसाचा प्रतिस्पर्धी हवा असतो. तोच नकाशा, तीच शस्त्रे, तेच नियम शेकडो वेळा वापरूनही त्याला कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक वेळी समोरची माणसे बदलतात. क्रमवारीतील स्थान, चौघांच्या स्क्वाडमधील मैत्री, हेडफोनवरील गप्पा आणि पोशाखांची मिरवणूक हे या खेळाचे खरे रस. ‘मड’ या आद्य बहुखेळाडू संगणकीय खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेले ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये अशा खेळाडूंचे चार प्रकार मांडले होते : यश मिळवणारे, शोध घेणारे, माणसांशी जोडून घेणारे आणि इतरांवर मात करणारे. ढोबळमानाने सांगायचे, तर शोध घेणारा कन्सोलकडे अधिक ओढला जातो आणि शेवटचे दोघे ऑनलाइनकडे.

ही सीमारेषा अर्थातच अभेद्य नाही. कन्सोलवरही फुटबॉल आणि युद्धाचे खेळ इंटरनेटवरून खेळले जातात. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी ऑनलाइन सेवा २००२ मध्येच सुरू केली होती. तरीही एक साधी कसोटी दोन्ही आवडींना वेगळे करते, ती म्हणजे ‘पॉज’चे बटण. आईने जेवायला हाक मारली, तर कथाप्रधान खेळ तिथल्या तिथे थांबवता येतो. ऑनलाइन सामना थांबत नाही. मध्येच उठणारा स्वतः हरतोच, शिवाय तीन साथीदारांनाही तोंडघशी पाडतो. अनेक घरांतील भांडणाचे मूळ मुलाच्या उद्धटपणात नसून या न थांबणाऱ्या रचनेत असते.

कॅसेटपासून कॉट बेसिसपर्यंत

नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत आलेला ‘टीव्ही गेम’ हा कन्सोलचाच गरीब भाऊ होता. मारिओ आणि कॉन्ट्राच्या कॅसेट अदलाबदलीने फिरत. पुढे भारतात अधिकृत कन्सोल आले. एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये, तर प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये ३९ हजार ९९० रुपयांना दाखल झाले. त्याच काळात सायबर कॅफेंमध्ये काउंटर-स्ट्राइकची फळी जमत होती. एका खोलीतील संगणक वायरने जोडून दोन गट लढत आणि तासाचे भाडे वाटून घेत. म्हणजे दोन्ही आवडी तेव्हाही होत्या. मात्र एक घरात आणि दुसरी गल्लीच्या नाक्यावर नांदत होती.

हे चित्र पालटले ते ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओच्या सेवेनंतर. डेटा स्वस्त झाला आणि त्यामागोमाग मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. नाक्यावरचा खेळ थेट खिशात शिरला. दुसरीकडे २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात आलेल्या प्लेस्टेशन ५ ची डिस्कसह किंमत ४९ हजार ९९० रुपये होती आणि त्यावरील काही नव्या खेळांची किंमत ४ हजार ९९९ रुपये. चाकणमधील कंत्राटी कामगाराच्या दृष्टीने ही काही महिन्यांची कमाई. मोबाइल मात्र गावी पैसे पाठवण्यासाठी आणि घरच्यांशी बोलण्यासाठी घेतलेलाच असतो. त्यावर खेळ फुकट मिळतो.

प्रश्न केवळ पैशांचाही नाही. कन्सोलला भिंत लागते, टीव्ही लागतो आणि त्या टीव्हीवर हक्क लागतो. ज्या खोलीत एक जण रात्रपाळी करून झोपलेला असतो, तिथे हे शक्य नाही. शिवाय वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळतो. कारखाना कायदा, १९४८ नुसार सलग पाच तासांहून अधिक काम करून घेता येत नव्हते. मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागत असे. शंभर खेळाडूंच्या बॅटल रॉयलचा पूर्ण डावही साधारण अर्ध्या तासाचा असतो. त्याहून छोटे डाव दहा मिनिटांतही आटोपतात. कंपनीच्या बसमध्ये, नाशिक रस्त्यावरील किंवा तळेगाव-चाकण मार्गावरील कोंडीत, पाळी सुरू होण्याआधी, अशा फटींमध्ये हा खेळ चपखल बसतो. वीस तासांची कथा तिथे बसत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोबत. परगावी एकट्या राहणाऱ्या तरुणाला गावाकडचे मित्र संध्याकाळी भेटण्याची जागा उरलेली नसते. एक मित्र चाकणला, दुसरा वाळूजला, तिसरा सुरतला. स्क्वाडमध्ये मात्र हे सारे रात्री एकत्र येतात. त्यांच्या दृष्टीने तो खेळ म्हणजे पारच आहे, फक्त वडाच्या झाडाशिवायचा.

चीन, कोरिया आणि परिस्थितीचा हात

परिस्थितीनुसार एका अख्ख्या देशाची आवड वळू शकते, याचे दाखले जगात आहेत. चीनने २००० मध्ये कन्सोलच्या विक्रीवर बंदी घातली. ती २०१४-१५ मध्ये उठली. मधल्या दीड दशकात तेथील पिढी संगणकावरील आणि पुढे मोबाइलवरील ऑनलाइन खेळांवर वाढली. दक्षिण कोरियात जपानी सांस्कृतिक आयातीवरील निर्बंध १९९८ पासून टप्प्याटप्प्याने सैल झाले. पण त्याच सुमारास ब्रॉडबँड आणि ‘पीसी बांग’ नावाच्या संगणक केंद्रांनी तरुणांना स्टारक्राफ्टच्या सामन्यांकडे खेचले होते. याउलट जपानमध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम १९८३ मध्येच घरात पोहोचला होता आणि घरगुती कन्सोलची परंपरा तेथे रुजली. भारताने कन्सोलचा टप्पा बव्हंशी ओलांडून थेट मोबाइल गाठला. त्यामुळे ‘आजच्या पोरांना चांगल्या गोष्टीची आवडच नाही’ हे कन्सोलप्रेमींचे म्हणणे अर्धेच खरे ठरते.

पुण्यातील दोन खेळ

या दोन आवडींचे प्रतिबिंब शेजारच्या पुण्यातील निर्मितीतही उमटले आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील छोट्या संस्थेने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा कथाप्रधान खेळ घडवला. अपहृत भावाच्या शोधात निघालेली मुलगी, पुराणकथांतील देवता आणि राजस्थानी वास्तुकलेची छाप असलेले महाल अशी त्याची घडण. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही निर्मात्यांनी तो पूर्ण केला. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो प्रथम निन्टेंडो स्विचवर आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. विरोधाभास असा, की ज्या यंत्रावर तो प्रथम झळकला, त्याची भारतात अधिकृत विक्रीव्यवस्थाच नव्हती. पुण्यात घडलेली कथा आधी परदेशातील दिवाणखान्यांनी पाहिली.

सुपरगेमिंग या पुण्यातीलच दुसऱ्या कंपनीने नेमका उलटा मार्ग धरला. तिचा ‘इंडस’ हा बॅटल रॉयल ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइलवर विनामूल्य दाखल झाला. पार्श्वभूमी भारतीय, पण ढाचा ऑनलाइन झुंजीचा. ‘रिअल क्रिकेट’ तयार करणारी नॉटिलस मोबाइल ही पुण्याची कंपनी २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनच्या नियंत्रणाखाली गेली. पबजीची भारतीय आवृत्ती चालवणारी क्राफ्टन ती हीच. भांडवल कोणत्या आवडीच्या मागे धावते, हे यावरून कळून चुकते. शेवट असलेला खेळ एकदाच विकला जातो. न संपणारा खेळ रोज थोडा थोडा विकता येतो.

विकत घेतलेले कोणाचे?

येथेच खेळाडूच्या हिताचा प्रश्न उभा राहतो. डिस्क विकत घेणाऱ्याला ती उसनी देता येते, जुन्या बाजारात विकता येते. ऑनलाइन खेळात घेतलेला पोशाख वा शस्त्राचा रंग हा कंपनीच्या सर्व्हरवरील नोंदीपुरता असतो. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा या नोंदी एका निर्णयाने टांगणीला लागल्या. जुलै २०२१ मध्ये खेळ नव्या नावाने परतला आणि जुनी खाती हलवण्याची सोय झाली. परंतु जुलै २०२२ मध्ये तोही अ‍ॅप स्टोअरवरून हटला आणि मे २०२३ मध्येच पुन्हा आला. अर्थात डिस्कची खाच नसलेल्या नव्या कन्सोलवर घेतलेला खेळही खात्याशीच जखडलेला असतो. मालकीच्या बाबतीत दोन्ही जगे एकमेकांच्या जवळ येत आहेत आणि ही जवळीक ग्राहकाच्या बाजूची नाही.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांचे खेळ, ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळ असा भेद केला. पैसे लावून खेळवण्याचे व्यवसाय बेकायदा ठरले. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. हा भेद स्वागतार्ह असला, तरी त्याची कसोटी पैसा ही आहे. फुकटच्या मल्टिप्लेअरमध्ये पणाला लागते ती झोप. पबजीच्या भारतीय आवृत्तीने मे २०२३ मधील पुनरागमनानंतर अल्पवयीनांना दिवसाला तीन आणि प्रौढांना सहा तासांची मर्यादा घातली होती. सहा तास खेळून पहाटेच्या पाळीला यंत्रापुढे उभे राहणाऱ्या कामगाराच्या बोटांना ही मर्यादा कितपत वाचवणार, हा प्रश्न चाकणसारख्या भागात गंभीर आहे.

किवळे येथे जुलै २०२४ मध्ये एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर ऑनलाइन खेळांविषयी शहरातील पालकांत धास्ती पसरली. ती समजण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला स्थान दिले आहे. मात्र सरसकट सर्व खेळांकडे बोट दाखवल्याने खरा धोका ओळखता येत नाही. पालकांनी तीन प्रश्न विचारले, तरी बरेच काही हाती लागेल. हा खेळ मध्येच थांबवता येतो का? त्याला शेवट आहे का? त्यात पुन्हा पुन्हा पैसे मागितले जातात का? या उत्तरांवरून मुलाशी काय बोलायचे ते ठरवता येते. मोबाइल हिसकावून घेतल्याने ते ठरत नाही.

औद्योगिक पट्ट्यातील कामगार तरुणांचा प्रश्न मात्र घरातील संवादाने सुटणारा नाही, कारण तेथे घरच नाही. महाळुंगे-निघोजेच्या परिसरात मैदान, वाचनालय किंवा पाळी सुटल्यावर चार मित्रांनी बसावे अशी जागा मिळणे जोवर दुरापास्त आहे, तोवर न संपणाऱ्या खेळाला तेथे खरा प्रतिस्पर्धी नाही. उद्योगांनी आणि स्थानिक प्रशासनाने या तरुणांच्या आठ तासांचा हिशेब चोख ठेवला आहे. उरलेल्या सोळा तासांचा विचार त्यांनी अद्याप केलेला दिसत नाही.